मान हलायची थांबली

मास्तर थबकले ते काचेत स्वतःला बघून. रविवारची संध्याकाळ होती, नवराबायको औषधांच्या दुकानातून परत निघाली होती. पिशवी बायकोच्या हातात, आणि तोंडाने त्या औषधवाल्याची उजळणी चालू, की मेला गोळ्या देताना माणसाच्या तोंडाकडे म्हणून बघत नाही, आपण जगलो काय नि मेलो काय. कोपऱ्यावरचं फर्निचरचं मोठं दुकान बंद होतं, आतले दिवे घालवलेले, त्यामुळे काच काळी आणि तिच्यात सगळा रस्ता लख्ख दिसत होता. त्या रस्त्यावरून दोन म्हातारी माणसं येत होती. पावलं आखूड, बेताने टाकलेली, जशी ओल्या फरशीवरून जाताना टाकावी तशी. बाई तर बाई, पण बापयाही लंगडत नव्हता. मास्तरांना हे चमत्कारिक वाटलं, कारण त्यांचा उजवा गुडघा कामातून गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती आणि मास्तर लंगडतात हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. क्षणभर त्यांना वाटलं, बरा झाला की काय गुडघा? आनंदसुद्धा झाला, खोटं कशाला बोला. मग त्यांनी आणखी दोन पावलं टाकली, नीट लक्ष देऊन, आणि त्यांना कळलं की डावाही गेलाय. कधी गेला कुणास ठाऊक. एक पाय दुखतो तेव्हा माणूस दुसऱ्यावर भार टाकतो आणि लंगडतो. दोन्ही दुखायला लागले की भार टाकायला जागाच उरत नाही, आणि माणूस सरळ चालायला लागतो. हे कळलं आणि मास्तरांचं पुढचं पाऊल पडेना. ते स्वतःच्या गुडघ्यांमुळे नव्हे.

"काय झालं? थांबलात का?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"गुडघा?"

"नाही गं. आत्याबाई."

"आता तिचं काय? ती तर बरी झाली ना?"

मास्तर चालायला लागले. बायकोने परत विचारलं नाही. ती हल्ली एक प्रश्न एकदाच विचारायची.

आत्याबाई म्हणजे घोडी. शहराच्या कडेला, जिथे बस वळून परत फिरते तिथे घोडेस्वारीची शाळा होती आणि मास्तर तिथे शिकवत असत. घोडीचं कागदावरचं नाव काहीतरी लांबलचक आणि घरंदाज होतं, पण पागेत आल्यापासून आठवडाभरात तिने सगळ्यांना शिस्त लावायला सुरुवात केली. कुणी खोगीर वाकडं ठेवलं की मान वळवून बघायची, कुणी घाईत लगाम ओढला की जागच्या जागी उभी राहायची, आणि दुसऱ्या घोड्यांनी चंदीच्या, दाणा खायच्या वेळी दंगा केला की फक्त कान मागे टाकायची, की सगळे चिडीचूप. लग्नघरातल्या आत्याबाईचा सगळा रुबाब. म्हणून आत्याबाई. मास्तरांनी तिच्यावर किती माणसं शिकवून काढली याचा हिशेब नव्हता. भित्री माणसं, फुशारक्या मारणारी माणसं, डॉक्टरने सांगितलं म्हणून आलेली माणसं. तिने कुणाला पाडलं नाही. पाडावंसं वाटलं असेल तेव्हाही पाडलं नाही, आणि हे मास्तरांना तिच्या पाठीकडे बघून कळत असे.

मास्तरांची शिकवायची एक रीत होती. नवा शिष्य आला की त्याला घोड्यावर बसवायचं नाही, कुंपणापाशी उभं करायचं. समोरून घोडी दुडकीने न्यायची, आणि विचारायचं, कुठे बघता? सगळे म्हणायचे, पायांकडे. मास्तर म्हणायचे, चूक. पाय चार आहेत, त्यांत तुमचा गोंधळ उडेल. मानेकडे बघा. पुढचा पाय दुखत असला की तो जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर आला की मान खाली टाकतो. हो-हो, हो-हो करणाऱ्या माणसासारखी मान हलायला लागली की समजा, काहीतरी बिघडलंय. पाय खोटं बोलेल, मान बोलणार नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की शाळेच्या मालकीणबाई, ज्या लहानपणी याच कुंपणापाशी उभ्या राहून शिकल्या होत्या, त्यासुद्धा पाहुण्यांना ते ऐकवायच्या आणि वर म्हणायच्या, हे आमच्या मास्तरांचं. या वाक्याच्या मागे आणखी एक वाक्य होतं. तेही मास्तरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ते सांगायची वेळ क्वचित यायची, आणि जे क्वचित सांगायचं ते आधी शिष्यांच्या आणि मग मास्तरांच्याच तोंडून गळून गेलं.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी आत्याबाईची मान हलायला लागली. पुढच्या डाव्या पायाचं दुखणं, खुराच्या वरच्या सांध्याचं. जनावरांच्या डॉक्टरने पाय वाकवून बघितला, दाबून बघितला, आणि उठताना स्वतःच्याच कमरेला हात लावत म्हणाला, "वय झालं, मास्तर. सांध्यातली गादी झिजली, की हाडाला हाड घासणारच." मास्तर म्हणाले, "आधी कळलं असतं, कामं कमी केली असती तर..." डॉक्टर म्हणाला, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." एरवी मास्तर या विनोदावर खो खो हसले असते, कारण पागेत तो रोजचाच होता. त्या दिवशी ते हसले नाहीत, आणि डॉक्टर जरा वरमला. मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या. बाई दुष्ट नव्हत्या, उलट दुष्ट असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "मास्तर, उन्हाळा-पावसाळा थांबू. औषधाने फरक पडला तर हलकी कामं करत राहील बिचारी. नाही पडला, तर थंडी यायच्या आत डॉक्टर शेवटची सुई देतील. गारठ्यात तिला कण्हत उभी ठेवायची नाही. दुखणं घेऊन जनावर बांधून ठेवायचं, हे कसलं जीव लावणं?" यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. मास्तर हो म्हणाले.

डॉक्टरने जी पूड दिली तिला तो औषध म्हणायला तयार नव्हता. खुराक म्हणा, म्हणाला. शिंपल्यांची, माशाच्या कुर्च्यांची, कसली कसली पूड होती ती, रोज चंदीतून द्यायची, पहिले काही आठवडे दुप्पट. फायदा होतो का, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले. "काही म्हणतात होतो. अपाय तरी नक्की नाही. द्या, तुमच्याही मनाला बरं." मास्तरांना हे मनाला बरं प्रकरण मुळीच आवडलं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर डबाभर पूड होती. डबा उघडला की वास असा यायचा, की मासळीबाजार बंद झाल्यावर धुतलेल्या फरशीचा यावा. आत्याबाईने पहिल्याच दिवशी चंदीत नाक घातलं, एक मोठा फुत्कार टाकला आणि पूड सगळी मास्तरांच्या सदऱ्यावर. मग मास्तरांनी चंदी ओली केली. तिने ओठांनी दाणा दाणा वेगळा वेचला आणि पुडीचा लगदा तळाला ठेवून दिला, जशी हट्टी पोरं भाजीतल्या मिरच्या ताटाच्या कडेला लावतात. मग तेल, मग काकवी, मग किसलेलं गाजर. शेवटी काय उपाय लागू पडला, तर मास्तरांनी तिच्यासमोर उभं राहून चमचाभर पूड स्वतःच्या तोंडात टाकली आणि मिटक्या मारल्या. घोडीला पटलं म्हणावं की दया आली म्हणावी, पण तिने त्या दिवशी तोबरा चाटून पुसून साफ केला. त्यानंतर रोज हेच. एक चमचा मास्तरांना, बाकी आत्याबाईला. घरी आल्यावर बायको पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "अहो, एक दिवस पलंगावर उठून बसाल आणि खिंकाळाल. शेजारच्यांना मी काय सांगू?" तेव्हा ती अजून अशी बोलायची.

किंवा तेव्हाही बोलत नव्हती, आणि हे वाक्य त्याच्या आधीच्या एखाद्या वर्षातलं होतं. मास्तरांना रस्त्यावरून चालता चालता नक्की ठरवता येईना. बायको शेजारून चालत होती आणि औषधवाल्याचा विषय संपला होता. एके काळी या बाईने त्यांच्याशी कडाकडा भांडून घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगी लग्न करून दूरच्या शहरात गेली, तिथून तिने सारखं बोलावलं, आईबाबा या, खालची खोली रिकामी आहे, जिना चढायला नको. बायकोची ट्रंक मनातल्या मनात कधीच भरून झाली होती. मास्तर म्हणायचे, बघू. मग म्हणायचे, हा हंगाम जाऊ दे. मग एक दिवस चिडून म्हणाले, आत्याबाई आहे तोवर मी इथून हलणार नाही. बायको म्हणाली, "घोडीच्या आधी मी गेले म्हणजे?" त्यावर मास्तर काय म्हणाले ते त्यांना आठवत नव्हतं, पण बरं काही म्हणाले नसणार. ती रडली, अबोला धरला, लेकीला फोनवर सांगितलं, बहिणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगायची तेवढी बाकी ठेवली. तिचं दुखणं असं दर पावलागणिक दिसायचं आणि मास्तर त्या वेळी धडधाकट होते, आपलं बरोबर आहे या भरवशावर. पुढे लेकीचे फोन आठवड्याचे महिन्यावर गेले आणि महिन्याचे सणासमारंभावर. खालच्या खोलीत तिने भाडेकरू ठेवला. घरातली भांडणं बंद झाली. मास्तरांनी मित्राला अभिमानाने सांगितलं होतं, बायको रुळली बुवा एकदाची. त्यांनी चालता चालता हळूच तिच्याकडे बघितलं. ती समोर बघून चालत होती, आणि तिच्या तोंडावर काहीही नव्हतं.

पूड सुरू केली आणि रोज सकाळी मास्तर आत्याबाईला कुंपणापाशी दुडकीने नेऊ लागले. मान हलायची. पाऊस सुरू झाला, मान हलायची. मास्तर स्वतःशी म्हणायचे, कालच्यापेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, कालच्याइतकीच, पण परवापेक्षा कमी. आशेसारखं चिवट गवत नाही, उपटावं तितकं फुटतं. आणि मग पाऊस उघडल्यावर, हवा नुकती कोरडी झाली होती तेव्हा, एका सकाळी मान हलली नाही. मास्तरांनी तिला परत नेलं. नाही हलली. त्यांनी दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः लांब जाऊन, डोळे बारीक करून बघितलं. मान अशी सरळ, की वर पाण्याचा पेला ठेवावा. त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली, आणि आवाज चिरकला म्हणून खाकरून परत मारली. बाई धावत आल्या, बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाल्या, "न्हालं मास्तर, एकदाचं घोडं गंगेत न्हालं." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरला फोन केला. त्याने विचारलं, मान थांबली? थांबली, म्हणाले मास्तर. मग चांगलंच की, म्हणाला तो, पूड चालू ठेवा, मी सवडीने येऊन बघतो. सवड काही त्याला झाली नाही. त्या दिवशी मास्तरांनी झाडून सगळ्यांना चहा पाजला आणि घरी येऊन बायकोला बातमी दिली. ती म्हणाली, "बरं झालं." मास्तरांना ते दोन शब्द फार गोड वाटले. त्यांनी त्या आठवड्यापासून पुडीचा चमचा स्वतःसाठी भर घालून घ्यायला सुरुवात केली. घोडीला गुण आला तर माणसाला का येऊ नये?

आता वरातीमागून घोडं यावं तसं त्यांना एकेक आठवत होतं. तिचं पाऊल पूर्वी लांब पडायचं, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर येऊन बसायचा. आता ठसे जवळ जवळ पडत होते. त्यांनी ते मैदानावरच्या ओल्या मातीत रोज बघितले होते आणि म्हटलं होतं, वाः, कशी टपटप चालते. उभी असताना ती भार या पायावरून त्या पायावर करायची. ते म्हणाले होते, बघा, कामाला उतावीळ झाली. मैदानाकडे उतरताना ती थांबायची, मग ते म्हणायचे, आत्याबाई आज जरा मिजाशीत आहेत. आणि त्या सगळ्यांत ते गळून पडलेलं दुसरं वाक्य कुठे होतं? दोन्ही पुढचे पाय सारखे दुखले की मान हलत नाही, पाऊल आखूड होतं. इतकं सोपं वाक्य. ते त्यांना येत होतं, जसं स्वतःचं नाव येत होतं. मनानेच डोळ्यावर कातडं ओढलं होतं, आणि ओढणाऱ्याने गाठही पक्की मारली होती. तिचा दुसरा पाय जाईपर्यंत थांबून मग आपण चहा पाजला, असं मास्तरांच्या मनात आलं. घराच्या दाराशी कुलूप उघडताना त्यांनी दोनदा किल्ली उलटी घातली, तेव्हा बायकोने ती काढून घेतली आणि दार स्वतः उघडलं.

सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होती, कारण खुर्चीवर बसलं की उठायला त्रास होई. मास्तर दारात उभे राहिले.

"आत्याबाई बरी नाही. दोन्ही पाय गेलेत."

बायकोने कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळलं."

"मग?"

"मग काय. सांगावं लागेल बाईंना. डॉक्टर सुई देतील." ते थांबले. "नाही सांगितलं तर अजून वर्षभर कुणाला कळायचं नाही. मान हलत नाही ना."

"आणि ती?"

"ती चालत राहील. चालवलं की चालते ती."

गॅसवर दुधाचं पातेलं होतं, बायकोने तो बारीक केला. मास्तरांना वाटलं, आता ती म्हणेल. घोडी आहे तोवर म्हणाला होतात, आता घोडी नाही, मग जाऊ या लेकीकडे. इतक्या वर्षांनी ती हे म्हणणार आणि आपण हो म्हणणार, असं त्यांनी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. हो म्हणायला ते जवळजवळ आतुर झाले होते. ती पातेल्याकडेच बघत राहिली तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"आपण मग लेकीकडे जाऊ. राहायलाच. तू म्हणत होतीस तसं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं.

"आता बोलावतंय कोण आपल्याला," ती म्हणाली आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी संपली म्हणून सांगावं तसं.

बसमध्ये मास्तरांना बसायला जागा मिळाली, तरी ते उभे राहिले. एका पायावर भार देऊन बघितला, मग दुसऱ्यावर. त्यांना एकच विचार सारखा येत होता, की आपण चुकत असू. काच काळी होती, संध्याकाळ होती, म्हाताऱ्याच्या मनात काहीही येतं. बस वळली आणि ते उतरले. आत्याबाई तिच्या जागेत आडवी झालेली होती. त्यांना बघून ती उठली, पुढचे पाय लांब करून, दोन झटक्यांत, आणि उठल्यावर क्षणभर तशीच उभी राहिली. पूर्वी ती पागेतला मोतद्दार चंदी घेऊन यायच्या आधी उठून दाराशी उभी असायची. मास्तरांनी चंदी कालवली, पूड घातली, डबा बंद केला. मग डबा परत उघडून एक चमचा पूड तोंडात टाकली, कारण तिने खायला हवं होतं, आणि हे केल्याशिवाय ती खात नसे.

मैदानावर दातांची डॉक्टरीण आधीच आली होती. पन्नाशीची बाई, नवरा गेल्यावर घोड्यावर बसायला शिकायचं तिने मनात घेतलं, आणि तिचे सगळे धडे आत्याबाईवर झाले. ती कपाळावर टोप चढवत होती. मालकीणबाई कुंपणाला टेकून तिच्याशी हसत बोलत होत्या. मास्तर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज आत्याबाईवर बसू नका. ती लंगडी आहे."

मालकीणबाईंचं हसू उतरलं. "अगं बाई. परत? काल तर बरी होती."

"परत नाही. बरी झालीच नव्हती. दुसरा पायही गेलाय."

"चालवा बघू," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी आत्याबाईला कुंपणाच्या कडेने नेलं, दुडकीने आणलं. दोघी बायका बघत होत्या, आणि कुठे बघत होत्या हे मास्तरांना न बघताच कळत होतं.

"मास्तर, मान कुठे हलतेय?" दातांची डॉक्टरीण म्हणाली. सौम्यपणे, जसं ती खुर्चीतल्या रोग्याला म्हणत असेल, आता कुठे दुखतंय?

"मान हलणार नाही. पावलं बघा."

"तुम्हीच सांगितलंत ना, पायांकडे बघू नका म्हणून. पाय खोटं बोलतील." तिला त्यांना कोंडीत पकडायचं नव्हतं. तिला खरंच आत्याबाई बरी हवी होती.

मालकीणबाई जवळ आल्या आणि त्यांनी मास्तरांच्या दंडाला हात लावला. "तुम्हाला बरं नाहीये का? चेहरा बघा कसा झालाय. घरी काही झालं का? आज सुट्टी घ्या. घोडी मस्त आहे, माझ्या डोळ्यांदेखत बरी झालीय. उगीच कशाला अभद्र मनात आणता?"

मास्तरांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. सांगितलं होतं. आपलं काम झालं होतं, आणि कुणी मानलं नव्हतं. आता घरी जायचं, उद्या यायचं, पूड कालवायची, एक चमचा आपल्याला, बाकी तिला. थंडी आली असती आणि गेली असती. या सुटकेत इतकं सुख होतं की मास्तरांना त्याची शिसारी आली. त्यांनी आत्याबाईकडे बघितलं. ती भार एका पायावरून दुसऱ्यावर करत होती, मग परत पहिल्यावर.

"जरा इकडे या," ते म्हणाले.

पागेच्या मागे गाड्या धुवायची सिमेंटची जागा होती. टणक जमीन आणि लहान गोल, दोन्ही एकत्र आले की आतल्या बाजूच्या पायावर सगळा भार येतो आणि मग लपवायला वाव राहत नाही. मास्तरांनी आत्याबाईला तिथे आणलं. तिने सिमेंटच्या कडेशी पाय रोवले आणि थांबली. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर ती तिथून तसूभर हलली नसती, हे सगळ्या पागेला ठाऊक होतं. मास्तरांनी जिभेने टक् केलं, जसं ते इतकी वर्षं करत आले होते. तिचे कान त्यांच्याकडे वळले. ती सिमेंटवर आली. त्यांनी दोर सैल सोडला, मध्ये उभे राहिले आणि डावा पाय आत ठेवून तिला गोल दुडकीला लावलं. नालांचा आवाज सिमेंटवर कडक वाजायला लागला, आणि दुसऱ्याच पावलाला मान वर गेली. मग खाली. मग वर, अशी की खालच्या ओठाशी दोर ताणला गेला. हो-हो, हो-हो. तिने थांबायचा प्रयत्न केला नाही. मास्तरांनी टक् केलं होतं म्हणून ती फिरत होती.

दातांच्या डॉक्टरणीने तोंडावर हात ठेवला. मालकीणबाई म्हणाल्या, "पुरे, मास्तर. डावा आहे. दिसलं." मग जरा थांबून, घाईने, "पण डावा तर आधीचाच ना? पूर्वी तो साध्या चालीतही दिसायचा, आता असं फिरवलं तरच दिसतो. म्हणजे फरक पडलाय की. एकाच पायाचं असेल तर अजून वर्ष, दोन वर्षं... डॉक्टर काहीतरी देतील."

मास्तरांना हेच ऐकायचं होतं. सकाळपासून, कालच्या त्या काचेपासून, त्यांना कुणाच्या तरी तोंडून नेमकं हेच ऐकायचं होतं. त्यांनी आत्याबाईला थांबवलं, जवळ घेतलं, तिच्या मानेवरचा घाम तळव्याने निपटला. तिने डोकं त्यांच्या खांद्यापाशी आणलं आणि उभी राहिली. तिला वाटलं, झालं.

"पुरे झालं ना, मास्तर?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी दोर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, उजवा पाय आत येईल असं तिला उलटं वळवलं आणि जिभेने टक् केलं. ती निघाली.